टाकीवरचे थर

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. कन्हानच्या आमच्या घरामागच्या अंगणात मी बाबांच्या राजदूत मोटारसायकलची टाकी रंगवायला घेतली आणि अर्ध्या तासात ती नासवून ठेवली. बाजारातून फवाऱ्याचे तीन डबे आणले होते. टाकी धुतली, वरवर पॉलिश पेपर फिरवला आणि पहिला हात दिला. छान बसला. त्या उन्हात पाच मिनिटांत वाळलाही. मग उत्साहाच्या भरात लगेच दुसरा, चांगला भरपूर हात दिला. बघता बघता रंग उकळल्यासारखा झाला. दुधावरची साय बोटानं ढकलली की जशा चुण्या पडतात, तशा टाकीभर सुरकुत्या.

आई ओसरीवरून बघत होती. ती काही बोलली नाही, हेच जास्त लागलं.

संध्याकाळी टाकी काखेत मारून चौकातल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या भाऊंकडे गेलो. त्यांनी नखानं एक सुरकुती उचलली, वास घेतला आणि निदान केलं, "सर, खाली ऑइलपेंट आहे. हातानं मारलेला. त्याच्यावर थिनरचा रंग टाकला तर तो उठनारच. आता सारं पत्र्यापर्यंत काढा."

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. उत्खनन म्हणजे काय, हे फळ्यावर आडव्या रेघा काढून किती वर्गांना सांगितलं असेल, हिशेब नाही. स्वतःच्या हातानं थर उकलायची वेळ मात्र निवृत्तीनंतर, बादलीभर पाणी आणि वॉटर पेपर घेऊन आली. पाणी अशासाठी की जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता असते. कोरडं घासलं तर ती धूळ नाकातोंडात जाते आणि अंगणात खेळणाऱ्या पोरांच्याही पोटात जाते. आपल्याकडे घरगुती रंगांमध्ये शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. टाकीतलं पेट्रोल आधी काढून, ती आतून धुऊन, दोन दिवस उघडी वाळवली होती, हेही सांगून ठेवतो. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा घातक असते.

घासत गेलं की एक गंमत दिसते. मध्यभागी पत्रा उघडा पडतो आणि त्याच्याभोवती एकेका रंगाचं कडं उमटतं, कापलेल्या झाडाच्या बुंध्यावर असतात तसं. गावच्या मारुतीवरचं शेंदराचं कवच कधीतरी गळून पडतं आणि आतली मूळ मूर्ती पाहायला गाव लोटतं, ते आठवा. आमच्या टाकीवर माझ्या फसलेल्या रंगाखाली काळं कडं होतं. त्याच्याखाली, माझी अजिबात अपेक्षा नसताना, हिरवं. मग निळं, मग लाल आणि शेवटी तांबूस. हिरवं कडं पाहून मी थांबलो. आमची गाडी हिरवी कधीच नव्हती.

गाडीची हकिकत थोडक्यात अशी. राजदूत ही एस्कॉर्ट्स कंपनीची १७५ सीसीची गाडी, पोलंडच्या एसएचएल एम ११ या मोटारसायकलवर बेतलेली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ती आपल्याकडे तयार होऊ लागली आणि दूधवाले, ग्रामसेवक, खाणीतले कामगार यांची लाडकी झाली. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून ती कुठल्याही पांदणीतून जायची. बाबा कोळसा खाणीत फिटर होते. त्यांनी १९७८ साली कामठीच्या एका ठेकेदाराकडून ती जुनी घेतली. तेव्हा ती निळी होती. मी नागपूरला शिकायला होतो तेव्हा कधीतरी ती काळी झाली, एवढंच मला माहीत.

वरचा काळा थर बाबांचा, ब्रशनं मारलेला. नीट पाहिलं तर ब्रशच्या रेघा दिसायच्या. हा डब्यात मिळणारा सिंथेटिक इनॅमल, ज्याला आपण सरसकट ऑइलपेंट म्हणतो. 'ऑइल' हा शब्द इथे वाया गेलेला नाही. रंग म्हणजे मुळात दोन गोष्टी, रंग देणारी भुकटी आणि तिला पत्र्याला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. शेकडो वर्षं हा चिकट पदार्थ म्हणजे जवसाचं तेल होतं. तेच जवस, ज्याची चटणी आमच्याकडे भाकरीबरोबर रोज असते.

जवसाच्या तेलाचा गुण असा की ते पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंतून जाळं तयार होतं. म्हणून वाळलेला तेलरंग ओल्यापेक्षा किंचित जडच भरतो. तेल उकळून त्यात शिशाचे किंवा मँगेनीजचे क्षार घातले की ते लवकर वाळतं. बाजारात त्याला 'बॉइल्ड ऑइल' म्हणतात. रंगाऱ्यांच्या तोंडी त्याचं बहुधा त्यातूनच 'बेलतेल' झालं. या तेलाचे बोळे मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. प्राणवायू ओढताना ते तापतात आणि काडी न लावता पेट घेतात. बाबा असे बोळे पाण्याच्या डब्यात टाकायचे. लहानपणी मला तो त्यांचा विक्षिप्तपणा वाटायचा.

आता आमचा भाग पाहा. नागपूरला १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे आली आणि इथला कापूस जसा बंदराकडे निघाला, तसं जवसही निघालं. जुन्या मध्य प्रांतातलं जवस मुंबईमार्गे इंग्लंडला जायचं, तिथल्या हलसारख्या बंदरांतल्या घाण्यांत त्याचं तेल निघायचं, आणि त्यातला काही भाग रंग-वार्निशाच्या डब्यांत बसून पुन्हा हिंदुस्थानात यायचा. पुढे इथेही कारखाने निघाले. हावड्याला १९०२ साली शालीमार, मुंबईत लोअर परळला १९२० साली गहागन पेंट्स. या गहागनचीच पुढे गुडलास वॉल आणि मग नेरोलॅक झाली. १९४२ साली, महायुद्धामुळे बाहेरचा माल आटलेला असताना, गिरगावातल्या एका गॅरेजमध्ये चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. तिच्या डब्यावरचा, हातात ब्रश धरलेला खट्याळ गट्टू आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढला. बाबांच्या खिळ्या-नटांच्या कप्प्यात असा एक डबा अजून आहे. गट्टूचा चेहरा गंजला, पण केसांची बट शाबूत.

सिंथेटिक इनॅमलमध्ये नुसतं तेल नसतं. त्यात 'अल्किड' नावाचं राळेसारखं द्रव्य असतं, ते अमेरिकेत १९२० च्या दशकात तयार झालं. वनस्पतितेलाची एका आम्लाशी आणि ग्लिसरीनशी सांगड घालून ते बनतं, आणि ते आम्ल सुरुवातीला डांबरगोळीच्या पदार्थापासून, म्हणजे शेवटी कोळशाच्या डांबरातून येई. आमच्या कामठी-कन्हानचा कोळसा तसा कोराडी-खापरखेड्याच्या वीजघरांत जाळायचा, डांबर काढायचा नव्हे. उगाच श्रेय घेत नाही. पण खाणीतून काळवंडून आलेला माणूस जवस आणि कोळसा यांच्या संकरातून झालेला रंग गाडीला लावत होता, हे तेव्हा ना त्याला ठाऊक होतं ना मला.

बाबांच्या काळ्या रंगाला बारीक भेगा होत्या, मगरीच्या पाठीसारख्या चौकटी-चौकटीच्या. मी त्या म्हातारपणाच्या समजत होतो. चौकातल्या भाऊंनी ते कोडं सोडवलं. "खालचा रंग ओला असताना वरचा मारला, सर. वरचा आधी आवळला, खालचा मागून. घाई झाली होती कोनाले तरी."

घाई? बाबांना? 'रंग घाईनं लावाचा नसते' हे त्यांचं ब्रीद. घराच्या दारांना रंग द्यायचा तर एका हातानंतर तीन दिवस आम्हाला मागच्या दारानं ये-जा करावी लागे.

मी टाकी आईसमोर नेऊन ठेवली आणि हिरव्या कड्यावर बोट ठेवलं. आई बराच वेळ बघत राहिली आणि मग तोंडाला पदर लावून हसायला लागली. १९९१ चा उन्हाळा. कामठीच्या एका कबाड्याकडे बाबांना हिरव्या रंगाचा डबा अगदी स्वस्तात मिळाला. निळा रंग उडत चालला होता. दोन दिवस खपून त्यांनी गाडी हिरवीगार केली आणि तिसऱ्या दिवशी ऐटीत नदी ओलांडून कामठीला गेले. तिथे हवालदारानं अडवलं. "फौजेत आहात का?" "नाही जी, खाणीत." "मग गाडी फौजेची कशी?"

कामठीला इंग्रजांनी १८२१ साली छावणी वसवली, तेव्हापासून ते गाव लष्कराचंच. आजही ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पलटणीचं केंद्र तिथे आहे. आणि मोटार वाहन नियमावलीत, १९८९ च्या केंद्रीय नियमांतल्या १२१ व्या नियमात स्पष्ट म्हटलंय की संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज दुसऱ्या कुठल्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येणार नाही. बाबांना भर छावणीत नेमका तोच रंग सापडला होता. हवालदारानं चांगलं सुनावलं, पण सोडून दिलं. बाबा परतले ते काळ्या रंगाचा डबा घेऊनच. त्याच रात्री कंदील टांगून त्यांनी हिरव्यावर काळा चढवला. हिरवा अजून बोटाला चिकटत होता.

"मग मला का नाही सांगितलं?"

"हासशील म्हणे पोरगा. मास्तर होनार होता ना तू."

तेहतीस वर्षं नवरा-बायकोनं हे गुपित सांभाळलं होतं. पैकी शेवटची नऊ तिनं एकटीनं. मी ओला वॉटर पेपर हातात धरून बसलो होतो आणि त्यावर तोच हिरवा रंग उतरत होता.

दुसऱ्या दिवशी निळा थर आला. हा ब्रशचा नव्हता, गुळगुळीत आणि पातळ. थिनरचा बोळा फिरवला की लगेच विरघळून बोटांना लागायचा. कामठीच्या ठेकेदारानं गॅरेजमध्ये मारून घेतलेला हा 'डुको'. आपल्याकडे गॅरेजवाले फवाऱ्यानं मारलेल्या कुठल्याही रंगाला डुको म्हणतात. मुळात ते अमेरिकेच्या ड्युपाँट कंपनीच्या एका रंगाचं नाव. त्याची जन्मकथा मला फार आवडते. पहिल्या महायुद्धात कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून स्फोटकं बनवण्याचे प्रचंड कारखाने उभे राहिले. युद्ध संपलं, आता या कापसाचं करायचं काय? त्याचा एक उपयोग फोटोच्या फिल्ममध्ये होता. न्यू जर्सीतल्या कारखान्यात १९२० च्या उन्हाळ्यात फिल्मसाठी केलेला असाच एक घट्ट द्राव पिंपात तसाच उन्हात राहून गेला आणि काही दिवसांनी पाहतात तो पाण्यासारखा पातळ. पातळ झाला म्हणजे त्यात रंगाची भुकटी भरपूर मिसळता येईल आणि तरी तो फवाऱ्यातून उडेल, हे तिथल्या रसायनशास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं. १९२३ मध्ये तो डुको नावानं बाजारात आला आणि जनरल मोटर्सच्या ओकलंड या गाडीच्या १९२४ च्या मॉडेलवर निळ्या रंगात झळकला.

यानं काय बदललं? तोवर मोटारीला चांगला रंग म्हणजे घोड्याच्या बग्गीसारखा हातानं दिलेल्या वार्निशाचा. हातावर हात देत, वाळवत, घासत काही आठवडे जायचे. गाड्या तासाला किती निघतात याचा हिशेब चाललेल्या कारखान्यात रंगाची रांगच लांबत जायची. म्हणून तर फोर्डच्या मॉडेल टी गाड्या १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या निघाल्या. डांबर आणि जवसाचं तेल यांचा तो काळा रंग स्वस्त होता, टिकाऊ होता आणि भट्टीत पटकन पक्का व्हायचा. डुको आल्यावर हे काम तासांवर आलं आणि रंगीत गाडी ही फक्त श्रीमंतांची चैन उरली नाही.

आणि हे सारं कापसापासून. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल काढली ती या कापसाच्या भरवशावर. आमच्या लेखी कापूस म्हणजे गाठी, जिनिंग, भाव पडला की होणारी घालमेल. मोटारीवरची चकाकी आम्ही कधी त्याच्या खात्यावर मांडली नाही.

डुकोचा एक अवगुण मात्र पक्का. तो नुसता थिनर उडून वाळतो, त्याच्यात जाळं बनत नाही. त्यामुळे जो थिनरनं विरघळून लागला तो थिनरनं पुन्हा विरघळतो, पेट्रोल सांडलं तरी डाग पडतो. आणि कच्च्या तेलरंगावर तो चढवला तर त्याचा थिनर खालच्या रंगाला फुगवून उचलतो. माझं नेमकं तेच झालं होतं. उलट करता येतं. डुकोवर तेलरंग खुशाल बसतो. बाबांचा हिरवा निळ्यावर बसलाच होता की.

निळ्याखालचा लाल कारखान्याचा. भट्टीत भाजलेला, काचेसारखा कडक. तीन दिवस हात दुखले. त्याच्याखालचा तांबूस थर प्रायमरचा, आयर्न ऑक्साइडचा, म्हणजे आपला गेरूच. पुलांना, रुळांच्या सामानाला पूर्वी याजागी शेंदूर लावत, तोच मारुतीचा शेंदूर, शिशाचा. लोखंडाला गंजापासून राखण्यात त्याचा हात धरणारं दुसरं नव्हतं, आणि विषारीही तेवढाच.

शेवटी पत्रा लागला. पांढराशुभ्र, पाच मिनिटांत हवा लागून किंचित पिवळसर होणारा. पोलादात थोडं मँगेनीज असतंच, त्याशिवाय ते लाटताना तडकतं. आणि मँगेनीज म्हटलं की आमचं मनसर, कांद्री, गुमगाव. १८९६ साली निघालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या इंग्रजी कंपनीकडे या खाणी होत्या, १९६२ मध्ये त्यांची मॉइल झाली. कन्हान हे रामटेकच्या फाट्याचं जंक्शन. काळ्या खनिजाच्या गाड्या बघत आम्ही लहानाचे मोठे झालो. आमच्या टाकीच्या पत्र्यात यातलं कणभर असेल की नाही, देव जाणे.

आता प्रश्न उरला रंग कुठला द्यायचा. माझ्या मुलाचं म्हणणं, मॅट काळा, आणि वर हार्डनरवाला क्लिअर कोट. हा दोन भागांचा रंग पेट्रोललाही दाद देत नाही हे खरं, पण त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटनं दम्याचा विकार जडू शकतो. नाकाला रुमाल बांधून तो अंगणात उडवायचा नसतो. त्याला योग्य मुखवटा आणि हवेची सोय असलेली जागा हवी. तो बेत मी मोडीत काढला. गाडीच्या नोंदणी पुस्तकात रंगाच्या रकान्यात 'लाल' लिहिलेलं निघालं. रंग बदलला की आरटीओत नोंद करून घ्यायची असते. ती ना ठेकेदारानं केली होती ना बाबांनी. म्हणजे कागदोपत्री गाडी इतकी वर्षं लालच होती. लालच द्यायचं ठरलं. पण लाल द्यायचा म्हणजे बाबांचे दोन्ही हात पुसायचे.

टाकीच्या खालची बाजू, चेसीच्या नळीवर बसते तो खोलगट भाग, अजून घासायचा राहिला होता. मी तिकडे वॉटर पेपर नेला तशी आई म्हणाली, "तेवढं राहू दे. कोनाले दिसते?" आतल्या कडेला काळा नीट पोचलाच नव्हता. रात्री कंदिलाच्या उजेडात बाबांच्या ब्रशमधून सुटलेली वीतभर हिरवी पट्टी तिथे तशीच होती.

ती राहू दिली. बाकीच्या टाकीला रेड ऑक्साइडचा हात दिला, दोन दिवसांनी घासला, आणि मग फवारा बाजूला ठेवून ब्रशनंच लाल इनॅमल लावला. दुपारी नव्हे, आमच्याकडे मेच्या दुपारी ब्रश पुढे सरकायच्या आत मागचा रंग ओढला जातो. पहाटे साडेपाचला. आईनं आदल्या रात्री अंगणात दोनदा पाणी शिंपडून धूळ बसवली होती. पहिल्या हातानंतर मी तिसऱ्या दिवशी बोट लावून पाहायला गेलो, तर ती ओसरीवरून म्हणाली, "आज नको. उद्या." दुसऱ्या हातात एक पाखरू अडकून मेलं, त्याचा ठसा टाकीच्या डाव्या बाजूला अजून आहे.

बोळे मी पाण्याच्या डब्यात टाकले.